फ्लॅजेलमची दिशा कोण ठरवतं: चे-वाय की फ्लि-जी?

सांगलीच्या एका एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या विद्यार्थिनीचे तीन प्रश्न आहेत. फ्लॅजेलमची, म्हणजे जिवाणूच्या पोहण्याच्या शेपटीची, फिरण्याची दिशा चे-वाय हे प्रोटीन ठरवतं की फ्लि-जी हे? नोट्समध्ये दोन्ही लिहिलंय. दुसरं, प्रोजेक्टमध्ये ई. कोलायचे दोन म्यूटंट (एकात चे-वाय काढलेलं, दुसऱ्यात चे-झेड) मऊ अगारवर लावले, तर दोघांचेही ठिपके छोटेच राहिले. मग दोघांतला फरक दाखवायचा कसा? आणि तिसरं, हळदीच्या शेतातल्या मातीतून वेगळ्या केलेल्या बॅसिलस सब्टिलिसला ई. कोलायचाच नियम लावायचा का?

पहिल्याचं थेट उत्तर: दिशा बदलायचा निरोप चे-वाय आणतं, पण फ्लॅजेलमच्या बुडाशी असलेली मोटर कोणत्या दिशेने फिरणार हे फ्लि-जी कोणत्या स्थितीत बसलंय त्यावर ठरतं. मधल्या मध्ये निरोप पोचवायचं काम फ्लि-एम आणि फ्लि-एन करतात. परीक्षेत एकच नाव लिहायचं असेल तर प्रश्न नीट वाचा. ‘स्विच प्रोटीन’ विचारलं असेल तर फ्लि-जी, फ्लि-एम, फ्लि-एन. ‘संदेशवाहक प्रोटीन’ विचारलं असेल तर फॉस्फेट लागलेलं चे-वाय. मॉट-ए आणि मॉट-बी मोटरला जोर देतात, दिशा त्यांच्याकडे नाही. नेमक्या याच जागी गुण जातात.

आता यंत्रणा. पेशीच्या आतल्या बाजूला, पटलाला लागून एक कडं असतं, त्याला सी-रिंग म्हणतात. व्यास साधारण ४५ नॅनोमीटर. त्यात फ्लि-जीच्या सुमारे ३४ प्रती गोलाकार बसलेल्या असतात, त्याखाली तितक्याच फ्लि-एमच्या, आणि तळाशी प्रत्येक फ्लि-एममागे तीन फ्लि-एन. फ्लि-जीचं एक टोक वरच्या फ्लि-एफच्या रिंगला घट्ट धरून असतं, मधला भाग फ्लि-एमला चिकटलेला असतो आणि दुसरं टोक मोकळं राहून मॉट-एला भिडतं. या भिडणाऱ्या टोकावर धन आणि ऋण भार असलेली अमिनो आम्लं ओळीने आहेत. मॉट-एवरही त्यांना जुळणारे भार आहेत. जोर या भारांच्या आधाराने एकाकडून दुसऱ्याकडे जातो.

मॉट-ए आणि मॉट-बीच्या जोडणीला स्टेटर म्हणतात. २०२० साली तिची रचना स्पष्ट दिसली: मॉट-एच्या पाच प्रती, मधोमध मॉट-बीच्या दोन. प्रोटॉन आत येताना मॉट-बीवरच्या ३२व्या जागेच्या अस्पार्टेटला लागतो आणि त्या ओघात पाच मॉट-एंचं चाक फिरतं. हे चाक सतत एकाच दिशेने फिरतं, असं त्या रचनेवरून मांडलं गेलं. मोटर उलटी फिरवायला प्रोटॉनचा प्रवाह उलटा करावा लागत नाही आणि स्टेटरही उलटा फिरत नाही. मग दिशा बदलते कशी?

इथे फ्लि-जी येतं. फॉस्फेट लागलेलं चे-वाय नसताना फ्लि-जीचं मोकळं टोक असं बसलेलं असतं की भारांची ओळ सी-रिंगच्या बाहेरच्या अंगाला येते. मॉट-एचं चाक रिंगला बाहेरून टेकतं. बाहेरून टेकलेली दोन दातेरी चाकं रसवंतीच्या चरकातल्या दोन लाटांसारखी एकमेकींच्या विरुद्ध फिरतात. मॉट-ए घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, म्हणून सी-रिंग काट्यांच्या उलट. चे-वाय फ्लि-एमला चिकटलं की फ्लि-जीचं मोकळं टोक जवळजवळ अर्धा वळसा घेतं, सी-रिंगची वरची कडा फाकते आणि भारांची ओळ आतल्या अंगाला जाते. आता तेच मॉट-एचं चाक रिंगला आतून टेकतं. मोठ्या रिंगमध्ये आतून टेकलेलं छोटं चाक ज्या दिशेने फिरतं, त्याच दिशेने रिंगही फिरते. त्यामुळे सी-रिंग काट्यांप्रमाणे फिरू लागते. ई. कोलायची मोटर काट्यांच्या उलट फिरताना पेशी सरळ पोहते; काट्यांप्रमाणे फिरली की टंबल करते, म्हणजे जागच्या जागी लोळते. साल्मोनेलाच्या सी-रिंगच्या दोन्ही स्थितींतल्या तपशीलवार रचना २०२४ साली प्रसिद्ध झाल्या, त्यांनीही हेच चित्र दाखवलं.

फ्लि-जीच्या या वळणाचा सर्वांत सोपा पुरावा साल्मोनेलाच्या एका म्यूटंटमध्ये आहे. त्यात फ्लि-जीमधली १६९ ते १७१ ही तीनच अमिनो आम्लं (प्रोलिन, अलानिन, अलानिन) काढलेली आहेत. तेवढ्याने मोटर कायमची काट्यांच्या दिशेला अडकते, चे-वाय असो वा नसो. उलट बाजूनेही पुरावा आहे. १९९६ साली दाखवलं गेलं की ज्या ई. कोलाय पेशींत चे-वाय अजिबात नाही, त्यांच्या मोटरीही १० अंश सेल्सियसच्या खाली नेल्यावर अधूनमधून काट्यांच्या दिशेने फिरतात. म्हणजे दोन्ही स्थिती मोटरमध्ये मुळातच आहेत, चे-वाय फक्त पारडं एका बाजूला झुकवतं. माझ्या मते हा संपूर्ण विषयातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे, आणि शिकवताना तोच सुटतो.

निरोपाची साखळी थोडक्यात. पेशीच्या टोकाशी रिसेप्टरांचे झुबके असतात: सेरिनसाठी त्सर, अस्पार्टेटसाठी टार. त्यांना चे-डब्ल्यूमार्फत चे-ए हा कायनेज (फॉस्फेट लावणारं प्रोटीन) जोडलेला असतो. आवडता पदार्थ रिसेप्टरला लागला की चे-ए थंडावतं. नसला की चे-ए स्वतःच्या ४८व्या हिस्टिडिनवर फॉस्फेट घेतं आणि ते चे-वायच्या ५७व्या अस्पार्टेटला देतं. हे चे-वाय आधी फ्लि-एमच्या सुरुवातीच्या सुमारे १६ अमिनो आम्लांच्या शेपटीला लागतं, मग सरकून फ्लि-एनपर्यंत पोचतं. फॉस्फेट काढायचं काम चे-झेडचं. ते नसेल तर चे-वायवरचा फॉस्फेट आपोआप उतरायला बरेच सेकंद लागतात, आणि सेकंदाच्या आत निर्णय बदलणाऱ्या पेशीला तो उशीर परवडत नाही. चे-आर रिसेप्टरांवर मिथाइल गट लावत राहतं, चे-बी ते काढतं. या जोडीमुळे पेशी सवयीला येते.

मोटर किती हळवी आहे हेही लक्षात ठेवा. २००० साली एकेका पेशीत मोजलं गेलं की फॉस्फेट लागलेल्या चे-वायचं प्रमाण ३ मायक्रोमोलरच्या आसपास असताना मोटर सारखी दोन्हीकडे वळते, आणि हिल गुणांक (प्रतिसाद किती तीव्र आहे ते सांगणारा आकडा) सुमारे १० निघतो. त्याहून जरा कमी झालं की मोटर जवळजवळ पूर्ण एका बाजूला, जरा जास्त झालं की दुसऱ्या बाजूला. म्हणून प्लास्मिडवरून (पेशीत घातलेल्या छोट्या डीएनएवरून) चे-वाय परत देऊन पाहताना आयपीटीजीची, म्हणजे जनुक चालू करणाऱ्या रसायनाची, मात्रा अगदी हाताशी ठेवावी लागते. प्रमोटर (जनुकाचा चालू-बंद करणारा भाग) नुसता गळत असला तरी पेशी टंबल करत बसतात आणि आपल्याला वाटतं क्लोनिंग बिघडलं.

आता तुमचे ठिपके. मऊ अगार दिशा दाखवत नाही, पसरणं दाखवतं. चे-वाय नसलेली पेशी सरळ पोहत राहते, पण ०.३ टक्के अगारच्या जाळीत बोळकांड्या असतात. त्यात शिरली की मागे वळायला टंबल लागतं, आणि ते तिच्याकडे नाही. चे-झेड नसलेली पेशी सतत टंबल करते, त्यामुळे जागच्या जागी लोळते. कारणं विरुद्ध असली तरी ताटात दोन्हींचा ठिपका छोटाच दिसतो. तरी नीट पाहिलं तर थोडा फरक कळतो: मॉट-ए नसलेल्या, म्हणजे अजिबात न फिरणाऱ्या पेशींचा ठिपका घट्ट आणि कडा रेखीव; चे म्यूटंटांचा ठिपका त्याहून किंचित मोठा, कडेला धूसर. म्हणून मॉट-ए म्यूटंट हा कंट्रोल त्याच ताटात हवाच, शेजारच्या नाही. प्रत्येक ताटाचा ओलावा वेगळा असतो.

ताट करताना १ टक्का ट्रिप्टोन, ०.५ टक्के मीठ, ०.२५ ते ०.३ टक्के अगार. ग्लुकोज मुळीच नको, त्याने फ्लॅजेलाची जनुकंच दबतात. प्रत्येक ताटात सारखाच द्रव, साधारण २५ मिलिलिटर, मोजून ओता. सपाट जागी थंड होऊ द्या आणि ताट उलटं करू नका. कल्चर २ ते ३ मायक्रोलिटर अगारच्या आत टोचा, वरच थेंब ठेवलात तर तो पृष्ठभागावर वाहतो. तापमान ३० अंश. हे सांगली-साताऱ्यात खास सांगायला हवं, कारण एप्रिल-मेमध्ये खोलीतच ३८-४० असतं आणि साधा इनक्युबेटर फक्त तापवतो, थंड करत नाही. ३० लावलंय म्हणून आत ३० असेल असं नाही. कूलिंग असलेला बी.ओ.डी. इनक्युबेटर वापरा आणि आत वेगळा थर्मामीटर ठेवा. ३७ च्या पुढे ई. कोलाय फ्लॅजेला फार कमी बनवतो, मग सगळेच ठिपके छोटे येतात आणि दोष म्यूटंटला दिला जातो. चांगला वाइल्ड टाइप (जनुकं न बदललेला स्ट्रेन) ८ ते १० तासांत मोठी कडी दाखवतो: बाहेरची सेरिनची, आतली अस्पार्टेटची. ती दिसली नाहीत तर म्यूटंटचं काहीही मोजू नका.

स्ट्रेनविषयी एक इशारा. कीओ संग्रहातले (ई. कोलायचं एकेक जनुक काढलेल्या स्ट्रेनच्या संचातले) म्यूटंट सोयीचे असले तरी त्यांचा मूळ स्ट्रेन तसा मंद पोहतो, म्हणून कंट्रोल त्याच मूळ स्ट्रेनचा घ्या, कॉलेजच्या फ्रीजमधल्या दुसऱ्या ई. कोलायचा नको. शिवाय टार, टॅप, चे-आर, चे-बी, चे-वाय, चे-झेड ही जनुकं एकाच ओपेरॉनमध्ये (एकत्र वाचल्या जाणाऱ्या जनुकांच्या गटात) या क्रमाने आहेत. चे-वायमध्ये नुसती कॅसेट (जनुकाच्या जागी बसवलेला डीएनएचा तुकडा) घातली तर पुढचं चे-झेडही बंद पडू शकतं. कॅसेट काढून फ्रेममधला छोटा डाग उरलेला स्ट्रेन वापरा आणि प्लास्मिडवरून चे-वाय परत देऊन दाखवा. जनुकं बदललेले स्ट्रेन वापरायला संस्थेच्या बायोसेफ्टी समितीची परवानगी आधी घ्या.

खरा फरक मायक्रोस्कोपखाली पाहायचा. रात्रभरच्या कल्चरमधून १०० पटीने पातळ करून ट्रिप्टोनमध्ये ३० अंशांवर ओ.डी. (कल्चरचा गढूळपणा) ०.५ च्या आसपास येईपर्यंत वाढवा. हलक्या वेगाने सेंट्रिफ्यूज करा, पेलेट हलवून हलकेच उकला. व्होर्टेक्स केलंत (यंत्रावर जोरात घुसळलंत) की फ्लॅजेला तुटले. मोटिलिटी बफर: पीएच ७ चा १० मिलिमोलर पोटॅशियम फॉस्फेट, ०.१ मिलिमोलर ईडीटीए, १० मिलिमोलर सोडियम लॅक्टेट, १ मायक्रोमोलर मेथिओनिन. ईडीटीए पाण्यातलं तांबं वगैरे धातू बांधून ठेवतं. ते अल्प असले तरी पेशी थांबतात. मेथिओनिनशिवाय, विशेषतः स्ट्रेनला ते बाहेरून लागत असेल तर, चे-आरला मिथाइल गट मिळत नाहीत आणि काही वेळाने सगळ्याच पेशी सरळ पोहू लागतात. मग चे-वाय म्यूटंट आणि वाइल्ड टाइप सारखेच दिसतात.

चे-वाय म्यूटंट बिनथांबा सरळ पोहतो. चे-झेड म्यूटंट तडफडतो. आता १ मिलिमोलर सेरिन घाला. वाइल्ड टाइप लगेच सरळ पोहू लागतो आणि काही मिनिटांनी पूर्ववत होतो. चे-झेड म्यूटंटही सरळ पोहू लागतो, पण रेंगाळत, कारण जुना फॉस्फेट आपोआप उतरायची वाट पाहावी लागते. चे-बी म्यूटंटही आधी टंबलच करत असतो. त्याला मात्रा मोठी लागते, आणि एकदा सरळ झाला की पूर्ववत होत नाही. फ्लि-जी किंवा फ्लि-एममुळेच काट्यांच्या दिशेला अडकलेली मोटर असेल तर सेरिनने काहीच बदलत नाही. बिघाड साखळीत आहे की स्विचमध्ये, हे या एका थेंबाने कळतं. मात्र पोहण्याच्या पद्धतीवरून दिशा नक्की धरू नका. कायम काट्यांच्या दिशेने फिरणाऱ्या फ्लॅजेलाचा पीळ बदलून त्यांचाही जुडगा बांधला जाऊ शकतो आणि पेशी सरळ पोहताना दिसू शकते.

त्यासाठी पेशी काचेला बांधून पाहतात. फ्लॅजेलिनला चिकटणारी अँटिबॉडी किंवा काचेला आपणहून चिकटणाऱ्या फ्लॅजेलिनचा स्ट्रेन घ्या. फ्लॅजेला आखूड करायला २३ गेजच्या सुया लावलेल्या दोन सिरिंज बारीक नळीने जोडून कल्चर पन्नासेक वेळा इकडून तिकडे ढकला. आखूड न केल्यास एका पेशीचे दोन फ्लॅजेला काचेला लागतात आणि ती फिरतच नाही. कव्हरस्लिपवर १०-१५ मिनिटं ठेवून सुट्या पेशी बफरने धुऊन टाका. फ्लॅजेलम काचेला अडकलं की मोटर पेशीलाच फिरवते, सेकंदाला काही फेऱ्या ते दहाएक.

गोंधळ इथेच होतो. दिशेचा संकेत असा: फ्लॅजेलमच्या मोकळ्या टोकाकडून पेशीकडे पाहायचं. आपण काचेतून पाहतो तेव्हा नजर त्याच बाजूने असते, पण फ्लॅजेलम स्थिर आणि पेशी फिरते, म्हणून दिसणारी दिशा उलटी होते. मोटर काट्यांच्या उलट फिरत असेल तर काचेतून पेशी काट्यांप्रमाणे फिरताना दिसते. पेशी खालच्या स्लाइडला चिकटलेली असून वरून पाहत असाल, तर मोटरची दिशा जशीच्या तशी दिसते. त्यात कॅमेरा किंवा आरसा प्रतिमा पलटवत असेल तर पुन्हा उलट. स्लाइडवर ‘क’ हे अक्षर बारीक लिहून स्क्रीनवर पाहा: नुसतं डोक्यावर उलटं दिसलं तर हरकत नाही, स्क्रीन फिरवून ते वाचता येतं, आरशातल्यासारखं दिसलं तर दिशा पलटली आहे. याहून खात्रीचा उपाय म्हणजे चे-वाय काढलेला स्ट्रेन आधी बांधून पाहा. खोलीच्या तापमानाला त्याच्या सगळ्या मोटरी काट्यांच्या उलटच फिरतात, त्यामुळे तुमच्या स्क्रीनवर त्या ज्या दिशेने दिसतील तीच ‘सीसीडब्ल्यू’ (काट्यांच्या उलट) म्हणून वहीत लिहा.

मोबाइलने आयपीसमधून व्हिडिओ घेत असाल तर सेकंदाला ३० फ्रेम पुरत नाहीत. मधोमध बांधलेली पेशी अर्ध्या फेरीतच पुन्हा तशीच दिसते. म्हणून सेकंदाला साडेसातपेक्षा जास्त फेऱ्या झाल्या की ३० फ्रेमच्या व्हिडिओत ती उलटी फिरताना दिसू लागते, आणि कोणीही शपथेवर सांगेल की मोटर उलटली. १२० किंवा २४० फ्रेमचा स्लो मोशन लावा, आणि टोकाजवळ बांधलेल्या, मोठं वर्तुळ काढणाऱ्या पेशीच मोजा. निदान ५० पेशी, प्रत्येकी २०-३० सेकंद. प्रत्येक पेशीत काट्यांच्या दिशेचा वेळ एकूण वेळाच्या किती टक्के, हा आकडा काढा. नुसतं ‘टंबल दिसलं’ असं लिहू नका.

बॅसिलसला मात्र हा नियम लावू नका. त्याच्यात फ्लि-एनच्या जागी फ्लि-वाय आहे आणि चे-वायचं काम उलटं आहे: फॉस्फेट लागलेलं चे-वाय मोटर काट्यांच्या उलट फिरवतं, म्हणजे सरळ पोहायला लावतं. आवडता पदार्थ मिळाला की चे-ए थंडावत नाही, उलट कामाला लागतं. म्हणून चे-वाय नसलेला बॅसिलस सतत टंबल करतो. चे-झेड त्याच्याकडे नाहीच; फॉस्फेट काढायचं काम फ्लि-वाय आणि चे-सी करतात. तपासून पाहायला सेरिनपेक्षा अस्पॅराजिन घ्या, त्याला तो चांगला प्रतिसाद देतो. मातीतून आलेला बॅसिलस ०.७ टक्के अगारवर झुंडीने सरकतो, ते स्वॉर्मिंग, पोहणं ०.३ टक्क्यांतच पाहा. आणि बायोफिल्म (पेशींचा चिकट थर) बांधायला लागलेल्या पेशींत ईपीएस-ई हे प्रोटीन फ्लि-जीला धरून मोटरचा जोर सोडवून टाकतं. तिथे मोटर थांबलेली असते, दिशा बदललेली नसते.

मेथी किंवा लसूणघासाच्या मुळांवरच्या गाठींतला सायनोरायझोबियम मेलिलोटी प्रोजेक्टमध्ये घ्यायचा विचार असेल तर तिसराच प्रकार समोर येईल. त्याची मोटर काट्यांच्याच दिशेने फिरते, उलटत नाही. त्याच्याकडे दोन चे-वाय आहेत: चे-वाय-२ फॉस्फेट घेऊन मोटरचा वेग कमी करतं, चे-वाय-१ जादा फॉस्फेट शोषून घेतं. वळण येतं ते वेगवेगळ्या फ्लॅजेलांचा वेग कमीजास्त झाल्याने. त्याच्या तक्त्यात दिशेचा रकाना ठेवू नका, फेऱ्यांचा वेग मोजा.